सीमेच्या आत, घराच्या बाहेर

(द्वितीय वर्ष, कला)

'तडीपार' हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला, की अमुक इतक्या जणांना जिल्ह्यातून तडीपार केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. १९५१ च्या पोलीस कायद्यान्वये अशा माणसाला दोन वर्षांपर्यंत आपल्या गावापासून आणि आपल्या माणसांपासून दूर ठेवता येते. ही शिक्षा का वाटावी, हे सांगायला नको. परंतु परदेशातून ज्याला हद्दपार करतात, त्याची गोष्ट अगदी उलटी असते. त्याला घरापासून दूर लोटत नाहीत, घराकडेच धाडतात. जिथे तो जन्मला, जिथली भाषा त्याला येते, जिथे त्याची बायकामुले आहेत, तिथे त्याला पोहोचवतात, आणि बहुधा तिकीटही सरकारी खर्चाने असते. मग असा माणूस शिक्षा भोगून आल्यासारखा का दिसतो? तो अंधार पडल्यावर गावात का शिरतो? महिनोन्महिने पारावर का येत नाही?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझे धाकटे मामा सेंट्रिंगचे काम करतात. २०२२ च्या जानेवारीत ते सौदी अरेबियात कामाला गेले आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून हद्दपार होऊन परत आले. तेव्हा आजीने मला विचारले, "म्हणजे तडीपारच केलं म्हणायचं का गं त्याला?" आमच्या घरात महाविद्यालयाची वाट धरणारी मी पहिलीच. त्यामुळे कागदावरचे काहीही असो, ते मला ठाऊक असणार अशी घरच्यांची समजूत आहे. आजीला त्या दिवशी मी जे धड सांगू शकले नाही, ते गेल्या दोन वर्षांत वाचून, विचारून जेवढे उमगले तेवढे या लेखात मांडत आहे.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्द नीट लावून घेऊ. एखादे राष्ट्र आपल्या भूमीवर असलेल्या परक्या नागरिकाला 'तू इथे राहू नकोस' म्हणून बाहेर काढते, ती हद्दपारी. एखाद्यावर दुसऱ्या देशात खटला आहे म्हणून त्याला पकडून त्या देशाच्या हवाली करतात, ते प्रत्यार्पण. आणि संकटात सापडलेल्या आपल्या माणसांना त्यांचेच सरकार परत आणते, ती स्वदेशवापसी. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले, ती वापसी होती. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, ती सामूहिक हकालपट्टी होती. त्यांतल्या कित्येकांचा जन्मच युगांडात झालेला होता. त्यांना 'घरी जा' म्हणणे म्हणजे काय म्हणणे होते, याचा विचार वाचकांनीच करावा.

या तिन्ही प्रकारांत विमान किंवा जहाज एकाच दिशेने जाते. फरक असतो तो माणसाला कोणत्या नात्याने नेले जाते यात. वापसीत तो 'आपला' असतो, प्रत्यार्पणात आरोपी असतो आणि हद्दपारीत नको असलेला असतो. विमानतळावर उतरल्यानंतर त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेत हा फरक बराच काळ राहतो.

कायद्याची एक बाजू मात्र हद्दपार माणसाच्या पाठीशी उभी आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील तेराव्या कलमात प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क सांगितला आहे. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, कुणालाही मनमानीपणे त्याच्या स्वतःच्या देशात येण्यापासून अडवता येणार नाही, असे म्हटले आहे. भारताने हा करार १९७९ साली मान्य केला. म्हणजे जगातील सारी दारे बंद झाली तरी एक दार उघडे असले पाहिजे, असे कायदा मानतो. पण दार म्हणजे देशाची सीमा. तिच्या आत पाऊल पडले की कायद्याचे समाधान होते. माणूस घरी पोहोचला की नाही, हे कायदा विचारत नाही. या अंतरात काय काय घडू शकते याचे दोन जुने दाखले आपल्या नाशिकनेच दिले आहेत. त्यांच्याकडे पाहून मग आजच्याकडे वळू.

शरणपूर ते मोंबासा

शरणपूर रस्त्यावरून आपण रोज जातो. या नावाचा अर्थ 'आश्रयाचे गाव' असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसे पळवून त्यांना गुलाम म्हणून अरबस्तानाकडे विकण्याचा व्यापार चाले. इंग्रजी आरमार अशी गलबते पकडी आणि सोडवलेल्या मुलामाणसांपैकी काहींना मुंबई बंदरात उतरवी. त्यांतील अनेक मुले शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. तिथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवले जाई आणि सुतारकी, लोहारकी असे हाताचे हुन्नरही दिले जात. न्यासा सरोवराच्या आसपासच्या खेड्यांतून उचलली गेलेली ही मुले गोदाकाठी वाढली.

पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांनी येथील नऊ तरुण सोबत नेले. नंतर आणखी काही गेले. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबिया देशात लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचे हृदय तिथेच पुरले गेले, तेव्हा प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा आपल्या नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी तो देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत जेकबही होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याच्या पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह केला. त्यासाठीच्या बोलण्यांची कामगिरी मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावर सोपवलेली होती. सुटलेल्या गुलामांना आता आफ्रिकेतच वसवावे असे ठरले. प्राइससाहेब तिकडे गेले आणि मोंबासाजवळ १८७५ साली 'फ्रियरटाउन' नावाची वसाहत उभी राहिली. शरणपूरचे सुमारे दीडशे आफ्रिकन तिथे जाऊन राहिले. त्यांच्यासाठी जमीन, घरे, शाळा, प्रार्थनामंदिर आणि काम यांची तजवीज झाली. गुलामांची गलबते दिसली तर इशारा देण्यासाठी एक घंटा टांगली गेली. स्वाहिली भाषेत घंटेला 'केंगेले' म्हणतात, आणि मोंबासातील तो भाग या घंटेवरून केंगेलेनी म्हणून ओळखला जातो.

एवढी तजवीज होऊनही ही माणसे घरी पोहोचली असे म्हणता येईल काय? ती परतली ती खंडात. त्यांची खेडी सरोवरापाशी, किनाऱ्यापासून फार दूर होती, आणि ज्या वयात त्यांना उचलले त्या वयाच्या मुलाला गावाचा रस्ता कुठून आठवणार? किनाऱ्यावर त्यांना जे नाव पडले ते 'बॉम्बे आफ्रिकन्स', म्हणजे मुंबईवाले. नाशकात ते आफ्रिकन होते आणि आफ्रिकेत मुंबईवाले ठरले. तरीही त्यांनी तिथे शाळा चालवल्या, दुभाष्याचे आणि कारागिरीचे काम केले, संसार मांडले. त्यांच्यापैकी मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासात जगले. हे शक्य झाले, कारण परतणाऱ्याला केवळ उतरवून न देता त्याच्यासाठी जागा तयार ठेवली गेली. ती जागा परक्यांच्या मर्जीवर चालत होती हे खरे, पण जागा होती.

भगूरचा तरुण आणि हेगचे न्यायपीठ

दुसरा दाखला आपल्या जिल्ह्यातील भगूरचा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घालून वध केला. पुढे विनायक दामोदर सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यासाठी १८८१ चा पळालेल्या गुन्हेगारांविषयीचा कायदा लावण्यात आला. साम्राज्याच्या एका भागातील आरोपी दुसऱ्या भागाच्या स्वाधीन करण्याचा हा कायदा होता. जुलैच्या आरंभी 'मोरिया' बोटीवरून त्यांना रवाना केले गेले. ८ जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

उडीनंतर जो वाद झाला तो मात्र कमी सांगितला जातो. सावरकर फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले होते. फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि बोटीवरच्या इंग्रज पोलिसांच्या हवाली केले. परक्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या माणसाला असे परस्पर देता येते काय, असा प्रश्न उभा राहिला. फ्रान्सने त्यांना परत मागितले. प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात, शिपायाने ज्या रीतीने हवाली केले त्यात अनियमितता झाली हे मान्य करण्यात आले. परंतु अशा स्थितीत कैदी परत देण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, म्हणून ब्रिटनने त्यांना परत करण्याची आवश्यकता नाही, असे ठरले. तोवर मुंबईच्या विशेष न्यायालयाने डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ अशा दोन वेळा त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली होती.

सावरकरांच्या विचारांविषयी मतभेद असतील, आणि तो या लेखाचा विषयही नव्हे. पाहायचे ते एवढेच की, दोन बलाढ्य राष्ट्रे ज्याच्या परतण्यावरून भांडली तो माणूस मायदेशी आला, पण घरी आला नाही. मुंबईला उतरल्यावर तुरुंग, मग अंदमान. १९२४ साली तुरुंगातून सुटका झाल्यावरही १९३७ पर्यंत परवानगीवाचून रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी. लंडनहून निघालेल्या त्या परतीला, मनाला येईल तेव्हा भगूरला जाण्याची मोकळीक मिळेपर्यंत सत्तावीस वर्षे लागली. परत पाठवणाऱ्या सरकारला माणूस ताब्यात हवा असतो. त्याच्या उंबरठ्याशी सरकारला कर्तव्य नसते.

आजची परतपाठवणी

आता आजच्याकडे वळू. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. तिघे महाराष्ट्राचे होते. प्रवासात त्यांना हातकड्या आणि साखळ्या घातल्याचे समजल्यावर दुसऱ्याच दिवशी संसदेत त्यावर गदारोळ झाला. त्या वेळी परराष्ट्रमंत्र्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार २००९ पासून अमेरिकेने १५ हजारांहून अधिक भारतीयांना परत पाठवले होते. म्हणजे ही गोष्ट नवी नव्हती. साखळ्या दिसल्या म्हणून ती आपल्याला दिसली.

आखाती देशांतून होणारी परतपाठवणी याहून शांतपणे चालते. तिचे वर्तमानपत्रांत फोटो येत नाहीत. ती कशी घडते, हे मामांच्याच उदाहरणाने सांगते, कारण तेच मला जवळून कळले आहे.

मामा आठवीतून शाळा सोडलेले. आपल्याकडे १९८३ साली झालेल्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर 'कामासाठी जाण्यास मंजुरी आवश्यक' अशी नोंद करण्याची पद्धत पडली. अशा माणसाला ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचे तर उत्प्रवासी संरक्षक नावाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागे. कमी शिकलेल्याची फसवणूक अधिक होते, म्हणून त्याचा करार सरकारने आधी तपासावा, हा हेतू चांगलाच होता. नोंदणीकृत एजंटाने घ्यायच्या शुल्कावरही २०१७ पासून तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. मामांकडून मधल्या माणसाने एक लाख वीस हजार घेतले आणि पावती दिली नाही. ते पैसे शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले होते. दहावीची एक गुणपत्रिका नसली तर माणसाच्या पासपोर्टाचा प्रकारच बदलतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. माझी गुणपत्रिका आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली आहे. त्या कागदाची खरी किंमत तिला माझ्या आधी कळली असावी.

आखातात परदेशी कामगार 'कफील' म्हणजे मालक-जामीनदाराच्या नावावर राहतो. वास्तव्याचा परवाना, ज्याला 'इकामा' म्हणतात, त्याचे नूतनीकरण कफीलच करतो. २०२१ साली सौदी सरकारने नोकरी बदलण्याचे नियम काहीसे सैल केले. तरीही मालकाने परवाना वाढवला नाही किंवा 'माणूस पळाला' अशी तक्रार दिली, तर कामगार एका दिवसात बेकायदा ठरू शकतो. या तक्रारीला तिथे 'हुरूब' म्हणतात. मामांना अकरा महिने मजुरी मिळाली, पुढचे पाच महिने मिळाली नाही. पासपोर्ट मालकापाशी होता. पोट चालवण्यासाठी ते दुसरीकडे कामाला लागले आणि एका तपासणीत सापडले. चोवीस दिवस ते हद्दपारी केंद्रात होते. कामगार त्याला 'तरहील' म्हणतात.

ज्याच्याजवळ पासपोर्ट नाही त्याला पाठवायचे तरी कुठे? इथे तो कोणत्या देशाचा, हे सिद्ध व्हावे लागते. भारतीय दूतावास चौकशी करून तात्पुरता प्रवासदाखला देतो. त्याचे सरकारी नाव 'इमर्जन्सी सर्टिफिकेट', पण कामगारांच्या तोंडी 'आउटपास'. तो एकाच प्रवासापुरता आणि भारतात येण्यापुरताच असतो. मामींनी पासपोर्टची झेरॉक्स तांदळाच्या डब्यात जपून ठेवली होती. ती फोनवरून पाठवल्यामुळे मामांचे काम लवकर झाले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, असे त्यांच्या खोलीतले काही जण मागे राहिले. यानंतर परदेशी सरकार बोटांचे ठसे घेते आणि त्या देशात पुन्हा कामाला येण्यास बंदी घालते. मग विमान.

कधीकधी अशी सरकारे माफीची मुदतही जाहीर करतात. सौदी अरेबियाने २९ मार्च २०१७ पासून नव्वद दिवसांची अशी मुदत दिली होती, संयुक्त अरब अमिरातीने २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात. या मुदतीत स्वतःहून निघणाऱ्याला दंडापासून सूट मिळते. पकडला गेलेला आणि मुदतीत निघालेला यांची वाट एकच असली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे. ज्यांची माणसे तिकडे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विमानतळानंतर

मुंबईला उतरल्यावर मामांचा तो आउटपास तपासणीच्या खिडकीवर जमा करून घेतला गेला. त्यामुळे घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकही कागद नव्हता. एकवीस महिने ते कुठे होते, याचा पुरावा म्हणून दाखवण्याजोगे काहीही उरले नव्हते. हातात कापडी पिशवी, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी स्वेटर. कर्जाच्या मुद्दलातले सत्तर हजार बाकी होते. तिकडे थकलेली मजुरी सहा हजार रियाल, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वा लाखाहून अधिक रुपये. हा हिशेब मी वहीवर मांडून मामांना दाखवला. हक्काची मजुरी हाती आली असती तर कर्ज फिटून वर काही उरले असते. म्हणजे ते कर्जबाजारी होऊन आले असे गाव म्हणते ते खरे नव्हे. ते येणेकरी होते, फक्त त्यांचे येणे सीमेपलीकडे राहिले होते. मामांनी वही बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, "हे तुझ्या मामीला वाचून दाखव."

हद्दपारीत माणसाचे सर्वांत मोठे नुकसान कोणते, याचे उत्तर मला त्या पानात सापडले. परका देश सुटतो, त्याचे फारसे दुःख कुणाला नसते. पण हद्दपारी माणसाला त्याच्या दाव्यापासून तोडते. मजुरीचा तंटा जिथे चालवायचा, तिथे तो हजर राहू शकत नाही. यावर उपाय आहे, पण तो निघण्यापूर्वी करावा लागतो. दूतावासाच्या नावे मुखत्यारपत्र लिहून दिले तर कामगाराच्या पश्चात त्याच्या येण्याचा पाठपुरावा करता येतो. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली 'मदद' नावाची तक्रारनोंदणीची सोय सुरू केली, आणि संकटातील कामगारांसाठी दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. तरहीलमध्ये चोवीस दिवस बसलेल्या, आठवी शिकलेल्या माणसाला हे कोण सांगणार? आमचा अर्ज मी घरातूनच भरला. करारपत्राची प्रत नव्हती. मजुरी जमा झालेल्या अकरा महिन्यांचे बँकेचे उतारे जोडले. अजून निकाल लागलेला नाही.

दुसरे नुकसान पैशात मोजता येत नाही. परदेशी गेलेला माणूस परत येताना काहीतरी आणतो, अशी आपल्या गावांची रीत होऊन बसली आहे. सोने, मोबाइल, निदान अत्तराची बाटली. "काय आणलं?" हा प्रश्न कुणी वाईट हेतूने विचारत नाही. पण रिकाम्या हाताने आलेल्याला तो पोलिसाच्या प्रश्नासारखा लागतो. त्यात 'डिपोर्ट' हा इंग्रजी शब्द गावात चोरी किंवा मारामारीच्या वजनाने पसरतो. परवाना संपणे हा चोरीसारखा गुन्हा नव्हे, आणि मामांच्या बाबतीत तो परवाना वाढवणे त्यांच्या हातातही नव्हते, हे कुणी कुणाला सांगत नाही. मामा पाच महिने घराबाहेर पडले नाहीत. मग द्राक्षांच्या हंगामात दुसऱ्या गावच्या बागेत कामाला जाऊ लागले. आपल्या गावात ते पुन्हा सेंट्रिंगला उभे राहिले ते पुढच्या दिवाळीनंतर. सौदीहून नाशिक जिल्ह्यात यायला त्यांना एक दिवस लागला, आणि घरातून पारापर्यंत यायला वर्ष.

केरळने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. तिथल्या सरकारने १९९६ साली परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले. त्या खात्याच्या 'नोर्का रूट्स' या संस्थेमार्फत, दोन वर्षे परदेशी राहून परतलेल्यांना स्वतःचा धंदा काढण्यासाठी तीस लाखांपर्यंतच्या कर्जावर भांडवली अनुदानाची योजना चालवली. शंभर जणांत किती जणांचे भले झाले, हा निराळा प्रश्न. पण परतणे हासुद्धा एक स्वतंत्र टप्पा आहे आणि त्यालाही आधार लागतो, हे तिथे सरकारी कागदावर मान्य झाले. शरणपूरच्या मंडळींसाठी दीडशे वर्षांपूर्वी मोंबासाला जे जमले, ते मुख्यतः हेच होते.

आपण काय करावे

पंचवटीत राहणाऱ्यांना वनवासाची गोष्ट निराळी सांगायला नको. चौदा वर्षांनी राम अयोध्येला परतले आणि त्यांचे परतणे गोड झाले. त्याचे श्रेय आपण लंकेच्या विजयाला देतो. मला वाटते, त्यातले बरेचसे श्रेय भरताचे आहे. त्याने सिंहासनावर पादुका ठेवून जागा राखली. गेलेल्याची जागा मागे कुणी राखली नसती, तर विजयी रामालाही नगरीच्या वेशीवर थांबून विचार करावा लागला असता. मग पराभूत होऊन येणाऱ्याचे काय?

जागा राखणे म्हणजे आपल्यासारख्यांनी काय करायचे, तर फार मोठे काही नाही. आपल्या महाविद्यालयात जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांतून मुलेमुली येतात. बहुतेकांच्या घरात कागद वाचणारे तेच एकटे असतात. परदेशी निघालेल्या शेजाऱ्याला तीन गोष्टी सांगणे आपल्याला सहज जमेल. एजंटाचे नाव सरकारी यादीत आहे का ते पाहावे. करारपत्राची, पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स घरी ठेवावी. मजुरी हातात न घेता बँकेतच घ्यावी. आणि ज्याला परत यावे लागले त्याला आणखी तीन. पासपोर्ट गेल्याची पोलिसांत नोंद करावी. थकलेल्या मजुरीचा अर्ज आधी करावा, लाज नंतर धरावी. आणि नव्या पासपोर्टच्या अर्जात जे घडले ते खरे लिहावे, कारण पासपोर्टविषयक कायद्याखाली खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दुपार ग्रंथालयाच्या ओट्यावर टेबल मांडून हे अर्ज वाचून आणि भरून देण्याचे काम घेतले, तर प्राध्यापक मंडळी नाही म्हणणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला अलीकडेच दिले. तडीपारीची मुदत हुकमात लिहिलेली असते आणि ती संपली की माणूस गावात येतो. परदेशातून काढलेल्याची मुदत कुठेच लिहिलेली नसते. ती गावाने ठरवायची असते. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग कुणी 'काय आणलं' विचारलं तर मी सांगत जाईन, जीव आणला."